माणसे पारखणारा कारखानदार : लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगावात किर्लोस्कर रस्ता आहे. त्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या तरुण पिढीपैकी पुष्कळांना तो एखाद्या नाटककाराच्या नावाचा रस्ता वाटतो, आणि तसे वाटण्यात फारशी चूकही नाही. संगीत रंगभूमीचे आद्य पुरुष अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचेच. त्याच गुर्लहोसुरात, त्याच कुलात, २० जून १८६९ रोजी लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म झाला. एका लहानशा गावाने मराठी माणसाला एक किर्लोस्कर नाटकासाठी दिला आणि दुसरा लोखंडासाठी. पहिल्याविषयी आपल्या वाचनालयांतून विपुल वाङ्मय आढळते. दुसऱ्याचे नाव पंपांवर, नांगरांवर आणि इंजिनांवर इतके छापले गेले की, ते एका हाडामांसाच्या माणसाचे नाव होते याचाच विसर पडला.

लक्ष्मणरावांच्या चरित्राकडे आजवर बहुधा उद्योगपतीचे चरित्र म्हणून पाहिले गेले. बेळगावातील सायकलींचे दुकान, त्यातून निघालेला लोखंडी नांगर आणि त्यातून उभा राहिलेला उद्योगसमूह, अशी ती चढती कमान सर्वपरिचित आहे. परंतु त्यांच्या आयुष्यात यंत्रांइकीच, किंबहुना काकणभर अधिक, लक्ष देण्याजोगी गोष्ट म्हणजे त्यांनी कामावर घेतलेली माणसे. शाळेत नापास झालेले, शाळाच सोडलेले, साधे कारकून, आणि तुरुंग पाहून आलेलेसुद्धा. अशा माणसांच्या बळावर त्यांनी निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा केला. कारखान्यातील पुढारपण कसे असावे, याचे धडे देणारी पुस्तके त्या काळी मराठीत नव्हती. लक्ष्मणरावांनी ते धडे गिरविले ते स्वतःच्या वाट्याला आलेल्या दोन नकारांवरून.

त्यांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरातील वातावरण शास्त्री-पंडितांचे. मुलाने शिकून सरकारी नोकरी धरावी, ही त्या काळच्या कोणत्याही सुशिक्षित घराची अपेक्षा असे. लक्ष्मणाचे मन मात्र पाठांतरात रमेना. त्याला दोन गोष्टींचा नाद होता : चित्रे काढणे आणि यंत्रे उघडून पाहणे. वडिलांना ही लक्षणे फारशी रुचली नाहीत. परंतु थोरले बंधू रामचंद्र, ज्यांना पुढे सारे रामूअण्णा म्हणून ओळखू लागले, त्यांनी धाकट्या भावाची पाठराखण केली व खर्चाचा भार उचलला. १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. किर्लोस्करांच्या सगळ्या इतिहासात रामूअण्णांचे हे पाऊल पहिले धरावयास हवे. दुसऱ्याच्या अंगचा गुण ओळखून त्यासाठी पदरमोड करणे, ही गोष्ट लक्ष्मणरावांनी प्रथम आपल्या घरात पाहिली.

कलाशाळेत पहिला नकार मिळाला, आणि तो निसर्गाने दिलेला होता. दोन वर्षांच्या अभ्यासानंतर असे आढळून आले की, त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद नीट कळत नाही. रंगांधळा चित्रकार ही कल्पनाच करवत नाही. अठरा वर्षांच्या मुलाने अशा वेळी गावची वाट धरली असती, तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. लक्ष्मणरावांनी रंग बाजूला ठेवले आणि रेषा हाती ठेवली. यंत्रांची आरेखने काढण्यास रंग लागत नाहीत. त्यांनी यांत्रिक आरेखनाचा अभ्यास केला आणि त्या बळावर मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या नव्याने निघालेल्या संस्थेत त्यांना शिक्षकाची जागा मिळाली.

ही नोकरी त्यांनी निव्वळ नोकरी म्हणून केली नाही. शिकविण्याचे तास संपले की ते संस्थेच्या कर्मशाळेत जात, आणि ज्या यंत्रांची चित्रे वर्गात फळ्यावर काढली, ती यंत्रे प्रत्यक्ष चालवून पाहत. लेथवर लोखंड कसे उतरते, साच्यात बीड कसे ओततात, कोणता भाग कोठे झिजतो, हे त्यांनी हात काळे करून शिकून घेतले. पांढरपेशा घरातील मुलाने कर्मशाळेत घण उचलणे हे त्या काळी कमीपणाचे समजले जाई. पुढे कारखाना निघाल्यावर या शिक्षणाचा एक लाभ असा झाला की, मालकाला काम कळत नाही, असे म्हणण्याची सोय कोणाही कामगाराला उरली नाही.

दुसरा नकार याच संस्थेत मिळाला. बढतीची जागा निघाली. ती आपल्याला मिळेल अशी लक्ष्मणरावांची रास्त अपेक्षा होती, परंतु ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. त्या काळी ही गोष्ट अपूर्व नव्हती. कित्येक कर्तबगार माणसे असे घोट गिळून पेन्शनीपर्यंत पोचली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. डोळ्यांतील उणिवेने मार्ग अडविला होता, ती तक्रार कोणाकडे करणार? पण काम पाहून नव्हे, तर कातडीचा रंग पाहून झालेली निवड त्यांना सोसली नाही. पुढे त्यांच्या हाती माणसे निवडण्याचा अधिकार आला, तेव्हा तो त्यांनी कसा वापरला, हे पाहताना या प्रसंगाची आठवण ठेवावी लागते.

बेळगावात दुकान आधीच उघडलेले होते. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी सायकलींच्या विक्रीचा धंदा आरंभिला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकत. सायकल ही तेव्हा इतकी नवलाची वस्तू होती की, ती विकत घेणाऱ्याला तिच्यावर बसावयासही शिकवावे लागे, आणि रामूअण्णा शुल्क घेऊन ते शिकवीतही. किर्लोस्कर रस्ता हे नाव त्या दिवसांचे स्मरण देते. लक्ष्मणराव कायमचे बेळगावी आल्यावर दुकानाला दुरुस्तीच्या कामाची जोड मिळाली, पवनचक्क्यांची विक्री सुरू झाली आणि त्यातूनच स्वतःची यंत्रे बनविण्याची उमेद जागी झाली.

त्या पहिल्या यंत्राची निवड मोठी मार्मिक होती. त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले. ज्वारीच्या मुलखात अख्खी पेंढी बैलांपुढे टाकली की ते पाने खातात आणि ताटे तुडवितात. तीच बारीक कापून घातली तर वाया जात नाही. शेतकऱ्याला हे पटवावे लागत नव्हते, कारण दुष्काळात वैरणीची किंमत त्याने सोसलेली होती. दुसरे यंत्र मात्र शेतकऱ्याच्या गळी उतरेना. ते म्हणजे लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन ओरखडतो, तर लोखंडी नांगर ती खोलवर उलथून टाकतो व हरळीसारखे हट्टी तण मुळासकट वर काढतो. पण लोखंडाने जमिनीत विष कालविले जाते, अशी समजूत खेडोपाडी पक्की होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे जावी लागली. लोखंडात पैसा गुंतलेला, कामगारांना मजुरी द्यावयाची, आणि माल अंगणात पडून. ती दोन वर्षे लक्ष्मणरावांनी कडबा-यंत्रांवर आणि मिळतील त्या किरकोळ कामांवर काढली, पण नांगराचा नाद सोडला नाही. अखेर ज्यांनी तो धाडस करून वापरला, त्यांचीच शेते शेजाऱ्यांना दिसू लागली आणि मागणी सुरू झाली.

या काळात लक्ष्मणरावांचा गुरू कोण होता, असे विचारले तर त्याचे उत्तर ग्रंथालयाच्या सभासदांना सुखविणारे आहे. यंत्रविद्येची पदवी त्यांच्यापाशी नव्हती आणि सल्ला विचारावा असा तज्ज्ञ बेळगावाच्या आसपास नव्हता. ते परदेशी, विशेषतः अमेरिकन, तांत्रिक मासिके मागवीत आणि ती बारकाईने वाचीत. ओतकामातील एखादी अडचण, एखाद्या अवजाराची घडण, कारखान्याची मांडणी, हे सारे त्यांनी छापील पानांतून उचलले आणि आपल्या भट्टीवर पडताळून पाहिले. छापील शब्दावरचा हा विश्वास पुढे एका वेगळ्याच रूपाने मराठी वाचकांच्या भेटीस आला. त्याविषयी पुढे येईलच.

धंदा जरा मार्गी लागतो न लागतो तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम दिला. गावाची नवी वस्ती तेथे व्हावयाची होती. यंत्रे, भट्टी, माणसे हे सारे घेऊन जावे कोठे, असा प्रश्न उभा राहिला. त्या सुमारास लक्ष्मणरावांनी औंध संस्थानात देवस्थानाच्या सभामंडपाचे काम पत्करले होते. १९०९ साली गादीवर आलेले औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. ते सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि गुणी माणसांचा लोभ असलेले राजे होते. लक्ष्मणरावांची अडचण कळताच त्यांनी आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडण्याची मोकळीक दिली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले.

संस्थानात सुपीक जमिनी होत्या. लक्ष्मणरावांनी निवडला तो कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळचा सुमारे ३२ एकरांचा माळ. तेथे निवडुंग माजलेला आणि नागांचा सुळसुळाट. परंतु शेजारून रेल्वे जात होती. कच्चे लोखंड व कोळसा आणावयाचा आणि नांगर दूरदूर पाठवावयाचे, तर जमिनीच्या कसापेक्षा रुळांचे महत्त्व अधिक, हा हिशेब त्यात होता. मार्च १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडीची मुहूर्तमेढ रोवली गेली. सुमारे २५ कामगार आपापल्या कुटुंबांसह लक्ष्मणरावांच्या मागोमाग त्या माळावर आले.

येथे क्षणभर थांबून त्या २५ कुटुंबांचा विचार करावयास हवा. बेळगावसारख्या शहरात राहणारी ही माणसे. तेथे बाजार होता, शाळा होत्या, दवाखाना होता. निवडुंगाच्या माळावर यांपैकी काही नव्हते. दुसऱ्या एखाद्या मालकाने असे स्थलांतर केले असते, तर चार जण त्याच्याबरोबर गेले असते आणि बाकीचे नवी नोकरी शोधीत बसले असते. मजुरीची रक्कम हे त्यांच्या येण्याचे कारण असू शकत नाही, कारण मोठी मजुरी देण्याइतका हा कारखाना तेव्हा श्रीमंत नव्हता. मालक आपल्या बायकामुलांना घेऊन त्याच माळावर राहावयास येतो आहे, हे त्यांना दिसत होते. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनीही शहरातील मांडलेला संसार उचलून या उजाडीत आणला. चरित्रकारांनी त्यांना दोन-चार ओळींतच आटोपले, हे बरे झाले नाही. वाडीच्या पहिल्या वर्षांत घरे आणि कारखाना यांच्यामध्ये भिंत अशी नव्हतीच, आणि घरांची बाजू राधाबाईंनीच सांभाळली.

आता त्या माणसांकडे वळावयाचे. शंभुराव जांभेकर हे वाडीच्या पहिल्या फळीतील यांत्रिक. लक्ष्मणरावांच्या डोक्यातील कल्पनांना लोखंडाचा आकार देण्यात त्यांचा हात मोठा. मंगेशराव रेगे आले कारकून म्हणून. पुढे भांडार, हिशेब आणि प्रसंगी आजाऱ्यांचे औषधपाणी अशी एकमेकांशी अर्थाअर्थी संबंध नसलेली कामे त्यांच्याकडे गेली आणि ती सारी त्यांनी निभावली. अनंतराव फळणीकर हा शाळा सोडलेला मुलगा. यंत्र पाहिले की त्याची बुद्धी चाले, वही पाहिली की थांबे. लक्ष्मणरावांनी त्याच्यापुढे वही धरली नाही. तोच मुलगा कल्पक यंत्रतज्ज्ञ म्हणून नावारूपास आला. के. के. कुलकर्णी हे परीक्षांत अपयशी ठरलेले गृहस्थ. मात्र लोकांशी बोलण्याची, त्यांना आपलेसे करण्याची हातोटी त्यांच्यापाशी होती. विक्रीपासून व्यवस्थेपर्यंत जेथे जेथे अडेल तेथे तेथे त्यांची योजना होऊ लागली.

ही नावे वाचताना एक गोष्ट नजरेत भरते. यांतील कोणालाही कागदपत्रांवरून निवडावयाचे म्हटले असते, तर कोणीच निवडले गेले नसते. लक्ष्मणराव प्रमाणपत्र मागत नसत असे नाही. प्रमाणपत्र असणारी माणसे निवडुंगाच्या माळावर येण्यास तयार नव्हती, हाही व्यवहाराचा भाग होताच, आणि तो नाकारून त्यांच्या मोठेपणाला उगीच झळाळी देण्याचे कारण नाही. परंतु आलेल्या माणसाला कोणत्या कामावर लावावयाचे, हा निर्णय सर्वस्वी त्यांचा होता आणि तेथे त्यांची पारख दिसते. जो मुलगा हिशेबात चुकतो त्याला हिशेबातच रगडून सुधारावे, अशी आपल्याकडील शाळांची आणि कचेऱ्यांची जुनी रीत. तीत माणूसही सुधारत नाही आणि हिशेबही. लक्ष्मणराव त्याला दुसऱ्या टेबलाशी, नाहीतर तिसऱ्या यंत्राशी नेऊन उभे करीत. रंग ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकलाच संपली असे मानणाऱ्यांपैकी ते स्वतः नव्हते. इतरांच्या बाबतीतही त्यांनी तोच न्याय लावला.

याहून धाडसाची निवड होती ती पहारेकऱ्यांची. उघड्या माळावर वसलेल्या वाडीत चोऱ्यादरोड्यांचे भय होते. लक्ष्मणरावांनी राखणीसाठी नेमले ते शिक्षा भोगलेल्या माणसांना. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग ही त्यांतील दोन नावे वाडीच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहेत. याच काळात, १८७१ च्या व पुढे १९११ च्या कायद्यान्वये, देशातील कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या जात होत्या आणि त्यांच्या हालचालींवर पोलिसांची नजर असे. ज्या माणसाकडे सरकार संशयाने पाहते, त्याच्या हाती रात्री साऱ्या कारखान्याच्या किल्ल्या देणे ही गोष्ट लहान नव्हे. यात जुगार होता. विश्वास वाया गेला असता तर गावकऱ्यांनी हसून घेतले असते आणि कामगारांच्या घरातली भांडीही गेली असती, म्हणजे जोखीम काही एकट्या मालकाची नव्हती. विश्वास वाया गेला नाही. ही माणसे वाडीची भरवशाची राखणदार झाली.

याच औंध संस्थानात, पुढे तीसच्या दशकाच्या अखेरीस, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बिनभिंतींची कैद्यांची वसाहत स्थापन झाली, आणि तिच्यावरून स्फूर्ती घेऊन व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. तो पाहून डोळे पुसलेल्या प्रेक्षकांपैकी कितींना ठाऊक होते की, त्याच संस्थानातील एका कारखान्याने असा प्रयोग एक पिढी आधीच, गाजावाजा न करता, करून पाहिला होता?

वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. त्या काळच्या खेड्यात हे सोपे नव्हते. भट्टीशी शेजारी शेजारी उभे राहून घाम गाळणारी माणसे पाण्याच्या घागरीपाशी आली की दूर सरत. कारखान्याच्या दृष्टीने हा आचार कामाचाही शत्रू होता. ओतशाळेत वितळलेले बीड साच्यात ओतताना दोघांनी एका पळीचा भार उचलावा लागतो, तेथे शिवाशिवीला जागा कोठून असणार? वाडीच्या सीमेबाहेरचे जग मात्र जुन्याच वळणाने चालले होते, आणि वाडीत राहणाऱ्यांना नातेसंबंध, लग्नकार्ये यांसाठी त्याच जगात परतावे लागे. दंडकाने आचार बदलला. मने किती बदलली, याचा हिशेब कोणत्याही खतावणीत सापडणार नाही.

पहिल्या महायुद्धाने कारखान्याला जसा हात दिला तसाच अडचणीतही टाकले. परदेशी माल येईनासा झाल्याने देशी नांगरांची मागणी वाढली, पण कच्चे लोखंडही मिळेनासे झाले. मागणी आहे आणि भट्टी थंड आहे, अशी विचित्र अवस्था. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या निकामी तोफा देऊ केल्या. त्या वितळवून नांगर झाले. तोफांचे नांगर होण्याची कल्पना कवींना सुचते. येथे ती लोखंडाच्या टंचाईने घडवून आणली.

१९२० साली किर्लोस्कर बंधूंच्या पेढीचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. त्याच वर्षी वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. तिचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे लक्ष्मणरावांचे पुतणे. पंडित सातवळेकर यांच्याकडे लाहोरास जाऊन चित्रकला शिकून आलेला हा तरुण. चित्रकाराचे नांगरांच्या कारखान्यात काय काम, असा प्रश्न कोणालाही पडला असता. ज्या माणसाने स्वतः कलाशाळेचा दरवाजा मागे टाकला होता, त्याला तो पडला नाही. शंकररावांकडे जाहिरातीचे काम आले. गिऱ्हाइकांना कारखान्याची खबर द्यावी या हेतूने सुरू झालेले हे पत्रक बघता बघता ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. त्याच्या जोडीला १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही मासिके आली. आपल्या वाचनालयांच्या टेबलांवर या तीन मासिकांसाठी कशी झुंबड उडे, हे ज्येष्ठ सभासदांना सांगावयास नको.

या मासिकांकडे कारखान्याच्या बाजूने पाहिले तर लक्ष्मणरावांच्या स्वभावातील एक कमी बोलली गेलेली बाजू दिसते. नांगर आणि पंप विकत घेणारा वर्ग श्रद्धाळू शेतकऱ्यांचा. मासिकांतून मात्र रूढींवर, भाबड्या धर्मसमजुतींवर, स्त्रियांच्या दास्यावर घणाघाती लेख येऊ लागले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये आले आणि त्यांनी वादळे उठविली. धंद्याला झळ लागेल या भीतीने कोणीही व्यवहारी मालक संपादकाच्या हातातली लेखणी काढून घेता. शंकररावांची लेखणी चालू राहिली. ज्याच्यावर काम सोपविले त्याच्या कामात ढवळाढवळ करावयाची नाही, ही शिस्त पाळणे मालकाला फार जड जाते, विशेषतः तो माणूस घरचाच पुतण्या असला म्हणजे.

पुढील पिढी तयार होत होती. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून पदवी घेऊन १९२६ साली परतले. आतापर्यंत मासिके वाचून आणि भट्टीवर चटके खाऊन शिकलेल्यांचा कारखाना होता, त्यात आता पदवीधराचे शास्त्र आले. पंप आले, पुढे लेथ व इतर यंत्रे बनविणारी यंत्रे आली. लक्ष्मणरावांनी सूत्रे हळूहळू हातावेगळी केली. १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ साली बंगलोरला विजेच्या मोटारींचा आणि पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा असे कारखाने निघाले. हा विस्तार मुख्यत्वे पुढल्या पिढीचा पराक्रम होय. अनेक गावी पसरलेल्या, हजारो माणसांच्या उद्योगात प्रत्येकाचा गुण हेरून त्याला त्याच्या जागी बसविणे एका माणसाच्या नजरेला अशक्यच असते. किर्लोस्करवाडीची पहिली घडी लक्ष्मणरावांच्या नजरेवर उभी होती. ती नजर कोणत्याही नियमावलीत उतरविता येण्यासारखी नव्हती, आणि या पद्धतीची ही मर्यादा मान्य करावयास हवी.

सर्वांत कठीण परीक्षा झाली ती लक्ष्मणरावांच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. जानेवारी १९४८ च्या अखेरीस गांधीजींची हत्या झाली आणि मारेकऱ्याच्या जातीमुळे दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांवर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीही त्यातून सुटली नाही. कारखान्याला आग लावण्यात आली. ज्या माळावर जात विचारावयाची नाही असा दंडक ३८ वर्षे चालला, त्या माळावर जात पाहून आग आली. ती लावणाऱ्यांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्यांचे काय काय साचलेले होते, त्याचा विचार समाजशास्त्रज्ञांनी केलेला आहे, आणि तो रागाच्या भरात डावलण्यासारखाही नाही. पण बेळगावातून उठवला गेलेला आणि माळावर दुसऱ्यांदा मांडलेला संसार उतारवयात जळताना ज्याला पाहावा लागला, त्याच्या दुःखाला समाजशास्त्राचा आधार पुरत नाही.

कारखाना पुन्हा उभा राहिला. यंत्रांची दुरुस्ती झाली, छपरे चढली, भट्टी पेटली. वाडी सोडून अन्यत्र जाण्यास या वेळी कारणही होते आणि समूहापाशी ऐपतही होती. तरीही किर्लोस्करांनी वाडी सोडली नाही, आणि तेथील पंपांचे उत्पादन आजतागायत चालू आहे.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. पुण्यातील शंतनुरावांच्या बंगल्याचे ‘लकाकी’ हे नाव चमकदार वाटते खरे, पण ती लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर या नावाची आद्याक्षरे आहेत. मिरज-पुणे लोहमार्गावरील कुंडल रोड हे स्थानकाचे नावही मागे पडले. आता तेथे पाटी आहे ती किर्लोस्करवाडीची.